आनंदीबाईंच्या अस्थी पोकिप्सीला का आहेत? एका स्मरणाचं प्रकरण

२६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. बावीस पूर्ण व्हायला जेमतेम महिना राहिला होता. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत येऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांना मिळालेली होती पण तिथे रुजू व्हायला शरीरानं साथच दिली नाही, क्षयानं पार पोखरून टाकलं होतं. अंत्यसंस्कार पुण्यात झाले. आणि अस्थी? त्या समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पोकिप्सी नावाचं गाव आहे तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन ख्रिश्चन फॅमिलीच्या स्वतःच्या प्लॉटमध्ये. आजही तिथेच आहेत, वर दगड आहे, दगडावर नाव आहे.

आनंदीबाईंच्या आयुष्यावर मराठीत भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ते मी इथे भराभर सांगून टाकणार. मला खरं बघायचंय ते पुढचं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी त्याचं काय केलं, कोणी काय जपलं, कोणी काय गाळलं, आणि पोटचं कोणी मागे नसलेली एक एकवीस वर्षांची मुलगी एवढी वर्षं लोकांच्या लक्षात कशी राहिली. आपल्या घरातली माणसं जातात तेव्हा आपल्यालाही हेच सगळे निर्णय घ्यावे लागतात, फक्त आपण ते घाईत घेतो, गुरुजी सांगतील तसं, मोठा काका म्हणेल तसं. म्हणून हे एक प्रकरण नीट उलगडून बघू.

आधीची गोष्ट, थोडक्यात

माहेर कल्याणचं, जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचं नाव यमुना. नऊ वर्षांची असताना लग्न, नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरी, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. नीट औषधोपचार मिळाला असता तर जगलं असतं हे त्या कोवळ्या वयात मनात जे रुतलं ते शेवटपर्यंत राहिलं, पुढे कॉलेजला ॲडमिशनसाठी लिहिलेल्या पत्रातही त्यांनी हेच म्हटलंय की आमच्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय.

बायकोला शिकवायचं या ध्यासापायी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते तिकडच्या मिशनरी मासिकात छापून आलं, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती ते मासिक दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना लागलं. त्यांनी वाचलं आणि सरळ पत्र लिहिलं. एवढंच. ना ओळख ना देख, पण पुढे जे सगळं झालं ते या पत्रामुळे. दोघींची पत्रं सुरू झाली ती वर्षानुवर्षं, एकमेकींना बघितलेलंही नव्हतं तेव्हापासून आनंदीबाई त्यांना मावशी मानायला लागल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवरा बरोबर नाही, जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या आणि मावशीच्या घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज, तिथली थंडी, तब्येतीची हेळसांड, आणि ११ मार्च १८८६ ला पदवी. पदवीदान समारंभाला गोपाळरावही होते आणि पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या, त्या नात्यातल्याच, लांबच्या.

मग परतीचा प्रवास, नोव्हेंबरमध्ये मुंबई, आणि फेब्रुवारीत सगळं संपलं.

मागे कोण उरलं

आता आपल्या रीतीनं बघा. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, वरून राख गार झालेली दिसते पण हात आत घातला की अजून ऊब लागते, पाणी दूध शिंपडायचं, त्यातून अस्थी वेचायच्या, मडक्यात नाहीतर पांढऱ्या कापडात बांधायच्या, आणि ते गाठोडं घरात आणायचं नाही म्हणून बाहेर झाडाला टांगून ठेवायचं, मग नाशिकला रामकुंडावर नाहीतर जवळच्या संगमावर नेऊन सोडायचं. दहावा, बारावा, तेरावा, वर्षश्राद्ध, मग दर पितृपक्षात पान. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात वेगळी तिथी आहे, अविधवा नवमी, आणि बऱ्याच घरांत ती नवरा जिवंत असेपर्यंतच करतात, तो गेला की नवमीही थांबते.

म्हणजे या सगळ्या व्यवस्थेत आनंदीबाईंचं स्मरण किती दिवस चालणार होतं? मूल गेलेलं. गोपाळराव आहेत तोवर नवमी, त्यानंतर घरात त्यांच्या नावानं पान ठेवणारं हक्काचं कोणी नाही. सर्वपित्रीला ज्यांचं कोणी नाही अशा सगळ्यांच्या नावानं तर्पण होतं त्यात त्या येतात म्हणा, पण नाव घेऊन नाही. विधी वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी स्वतः करतो आणि मनापासून करतो. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळं घर श्वास रोखून उभं असतं, गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल हे एकमेकांना विचारतं, 'धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नको' असं मोठ्यानं बोलतं, तेव्हा जे घडतं ते दुसऱ्या कशानं घडत नाही. पण ही व्यवस्था वंशावर उभी आहे. जिथे वंश थांबला तिथे ती दोन पिढ्यांत विसरते, आणि बायकांच्या बाबतीत तर त्याहून लवकर. तुम्हाला तुमच्या पणजीचं माहेरचं नाव माहीत आहे का? बहुतेकांना नसतं.

त्यामुळे या प्रकरणातला खरा प्रश्न हा की वंश नसताना स्मरण कोणी पुढे नेलं.

अस्थी

अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय हे होणं शक्यच नव्हतं, आणि ज्या समाजात समुद्र ओलांडला म्हणून माणूस बाटतो असं धरलं जायचं त्या समाजात एका ब्राह्मण बाईच्या अस्थी गंगेत किंवा गोदावरीत न सोडता पुन्हा समुद्रापार, ख्रिश्चन दफनभूमीत जाऊ देणं ही किती मोठी गोष्ट होती याचा आज अंदाजही येत नाही. आनंदीबाईंनी निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर, २४ फेब्रुवारी १८८३ ला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहणार. तो शब्द त्यांनी पाळला, तिकडे शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, धर्म सोडला नाही. मग अशा बाईच्या अस्थी तिकडे का, असं कोणी विचारलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही, हा प्रश्न पडायलाच हवा.

माझं उत्तर मात्र त्या प्लॉटमध्ये आहे. कार्पेंटर मावशींना वाटलं असतं तर एखाद्या चर्चमध्ये संगमरवरी पाटी लावून मोकळ्या झाल्या असत्या, कॉलेजात फोटो लावून घेतला असता, ते सोपं होतं आणि लोकांनी वाहवाही केली असती. त्यांनी तसं केलं नाही. स्वतःच्या घरच्यांसाठी जी जागा राखलेली होती, जिथे नवरा मुलं आपण सगळे शेवटी जाणार, त्या जागेत त्यांनी या मुलीला घेतलं. म्हणजे पाहुणी म्हणून नाही, देशाची प्रतिनिधी म्हणून नाही, घरातलं माणूस म्हणून. शोकसभेत भाषणं करणारी माणसं खूप मिळतात, पुतळ्याला वर्गणी देणारीही मिळतात, पण आपल्या घरच्या मृतांच्या रांगेत परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या मुलीला जागा देणारी माणसं मला दुसरी फारशी माहीत नाहीत. आपल्याकडे सोयरसुतक म्हणतात ना, ज्याचं सुतक लागतं तो आपला. मावशींनी स्वतःहून ते लावून घेतलं.

दगडावर काय आहे? नाव, नावापुढे एम. डी., १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. आज ती ओळ वाचताना 'ब्राह्मण' शब्द खुपतो, मलाही खुपला, जातीची ओळख थडग्यापर्यंत कशाला न्यायची असं वाटलं. पण मग लक्षात आलं की त्या दगडासमोर उभा राहणारा वाचक १८८० च्या दशकातला पोकिप्सीचा माणूस होता, त्याला ही कोण, इथे कशी, हिनं काय मोडून काढलं हे एका ओळीत सांगायचं तर सोवळ्यातल्या घरातून बाहेर पडलेली बाई हेच सांगावं लागणार होतं. आणि अजून एक, त्या दगडावर 'अमक्याची पत्नी' असं नाही. डिग्री आहे. त्या काळच्या आपल्याकडच्या कुठल्या बाईच्या स्मारकावर नवऱ्याच्या नावाआधी तिची डिग्री असेल, विचार करा.

कधीकधी मनात येतं, अस्थी परत आणाव्यात का? क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मांच्या आणल्याच की. ते १९३० मध्ये जिनिव्हात वारले, देश स्वतंत्र झाल्यावर अस्थी मायदेशी न्याव्यात अशी त्यांची इच्छा होती, तिथल्या दफनभूमीत त्या सांभाळून ठेवलेल्या होत्या आणि शेवटी २००३ मध्ये त्या भारतात आल्या. ते बरोबरच झालं, कारण त्या माणसाची तशी इच्छा होती आणि जिथे अस्थी होत्या तिथे त्यांचं आपलं कोणी नव्हतं, नुसती सोय होती. आनंदीबाईंचं तसं नाही. त्या जिथे आहेत तिथे त्यांची मावशी आहे. इथे आणून आपण काय करणार, एक चौथरा बांधणार, उद्घाटनाला मंत्री, पाटीवर बाईंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात उद्घाटकांची नावं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे पार्किंग. त्यापेक्षा जाऊन बघावं हे उत्तम. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची ट्रेन पकडली तर तिचं शेवटचं स्टेशन पोकिप्सीच आहे, सगळा रस्ता नदीच्या काठाकाठानं. न्यू जर्सीत एडिसन इझलिन भागात आपली एवढी माणसं राहतात, मावशींचं रोझेल तिथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे, पण बऱ्याच जणांच्या हे गावीही नसतं.

लिहून ठेवणाऱ्या बायका

अस्थींइतकंच, मी तर म्हणेन त्याहून जास्त, महत्त्वाचं काम झालं ते कागदावर. आणि ते जवळपास सगळं बायकांनी केलं.

पहिल्या पंडिता रमाबाई आणि कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. आनंदीबाई गेल्या त्याच वर्षी, १८८७ मध्ये, रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात आलं, त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची, आणि त्या प्रस्तावनेत आनंदीबाईंच्या जाण्याचं दुःख आहे. आपली विद्यार्थिनी गेली, तिच्याबरोबर मनात धरलेलं एक मोठं काम गेलं, आता ते दुसरीनं पुढे न्यायचं, असा तो सूर आहे. पुस्तक तिकडे खूप खपलं, त्यातून आणि रमाबाईंच्या व्याख्यानांतून मदत उभी राहिली, बॉस्टनमध्ये असोसिएशन झालं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, विधवांसाठी आणि मुलींसाठी. तारीख बघा. आनंदीबाईंना पदवी मिळाली तीही ११ मार्चच. मुद्दाम निवडली की योगायोग यावर मी काही दावा करत नाही, पण मला ती तारीख दर वर्षी आठवते. बॉडलीबाई मात्र हे बघायला राहिल्या नाहीत, त्या १८८८ मध्येच गेल्या.

मग कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेनं १८८८ मध्ये बॉस्टनहून आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र काढलं, आणि लगेच पाठोपाठ १८८९ मध्ये आपल्या काशीबाई कानिटकरांनी मराठीत. हे दोन्ही कशावर उभं राहिलं? पत्रांवर. मावशींनी आनंदीबाईंची पत्रं टाकली नव्हती. लोक म्हणतात घरात पसारा कशाला, जुने कागद कशाला, माणूस गेलं की पहिलं काम म्हणजे कपाट रिकामं करणं, आणि त्या एका दुपारी सगळं आयुष्य रद्दीवाल्याकडे जातं. ते इथे झालं नाही म्हणून आज आपल्याला आनंदीबाईंचा आवाज ऐकू येतो. नुसतं डॉक्टर झाल्या गेल्या एवढंच कळत नाही, काय खायच्या, कशाला घाबरायच्या, कशावर चिडायच्या, हे कळतं.

काशीबाईंचं मला विशेष वाटतं कारण त्या स्वतः घरात लपूनछपून शिकलेल्या बाई होत्या, बाईनं लिहिणं म्हणजे काय भोगावं लागतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे त्यांनी आनंदीबाईंची आरती केली नाही. गोपाळराव हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग आहे. त्यांच्या हट्टाशिवाय आनंदीबाई शिकल्या नसत्या हे शंभर टक्के खरं आहे. आणि त्याच गोपाळरावांनी त्यांना लहान वयात मारलं, वस्तू फेकून मारल्या, सोडून जाईन म्हणून धमक्या दिल्या हेही खरं आहे, आणि हे कोणी शत्रूनं लिहिलेलं नाही, अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी स्वतः, एकेका वयाचा उल्लेख करून लिहिलंय, अतिशय शांतपणे. आपल्याकडे गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि त्याच्या जोडीला गेलेल्या बाईच्या नवऱ्याबद्दलही बोलू नये असं न सांगता पाळलं जातं. पण आनंदीबाईंचा मान ठेवायचा तर त्यांनी जे लिहिलं ते पुसायचं कसं? त्यांनी ते सोसून, समजून, शब्दांत मांडलं होतं. ते गाळून 'आदर्श जोडपं' म्हणून हार घालणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा गप्प करणं आहे. गोपाळरावांचा ध्यास आणि त्यांचा हात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं, वाचणाऱ्याला ठरवू द्यायचं.

कॉलेजनंही जपलं. ते कॉलेज पुढे बदलत बदलत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गेलं आणि त्यांच्या फिलाडेल्फियाच्या अर्काइव्हमध्ये आनंदीबाईंचे कागद आहेत, आणि तो फोटोही, जो तुम्ही शंभर टक्के कुठेतरी बघितला असेल, १० ऑक्टोबर १८८५ चा. तीन मुली शेजारी शेजारी, आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या पोशाखात. प्रत्येकीखाली नाव आणि गाव. हे खाली लिहिलेलं नाव फार मोलाचं आहे. तुमच्या घरातला जुना अल्बम काढा, लग्नातला ग्रुप फोटो, मागे काही लिहिलंय का बघा. नसेल तर त्या फोटोतली डावीकडून तिसरी बाई कोण हे सांगणारं माणूस अजून आहे तोवर विचारून घ्या आणि मागे पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको, त्याचा दाब पुढे उमटतो.

'पहिली'चा घोळ

नंतरच्या काळात आनंदीबाईंवर कादंबरी आली, १९६८ ची श्री. ज. जोशींची, नाटक झालं, मालिका झाली, २०१९ मध्ये सिनेमा आला, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, राज्य सरकारचे पुरस्कार आहेत त्यांच्या नावानं. हे सगळं छानच आहे, पण या सगळ्यात एक शब्द इतका मोठा झालाय की त्याखाली बाई दिसेनाशा होतात, तो म्हणजे 'पहिली'.

पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हटलं की लगेच बंगालमधून कोणीतरी म्हणतं कादंबिनी गांगुली, त्याही १८८६ च्याच, आणि त्यांनी तर पुढे बरीच वर्षं कलकत्त्यात प्रॅक्टिस केली. मग आपल्यातलंच कोणी म्हणतं, प्रत्यक्ष काम केलेल्या रखमाबाई, ज्यांनी नको असलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात लढा दिला आणि मग लंडनहून डॉक्टर होऊन येऊन सुरत राजकोटला आयुष्य घालवलं, १९५५ पर्यंत होत्या त्या. आणि मग कमेंटमध्ये भांडणं. मला हे बघून वाईट वाटतं. आनंदीबाईंना एकही पेशंट आपल्या देशात डॉक्टर म्हणून तपासायला मिळाला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम आहे, आणि आपण त्यांना नंबर लावतोय. त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्रावर, म्हणजे तिकडचं शिकून इकडचं ज्ञान काय होतं हे मांडायचा प्रयत्न. मूल गमावलेली विशीतली मुलगी बाळंतपणावर प्रबंध लिहिते. एवढं एक वाक्य कळलं तरी पुरे आहे, क्रमांकाची गरज पडत नाही.

तुमच्या घरातही असंच होतं बघा. श्रद्धांजलीचा मेसेज फिरतो त्यात 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू' हे तीन शब्द प्रत्येकाला तेच. आजी कष्टाळू होती ते ठीक आहे, पण ती भाकरी थापताना कुठली ओवी म्हणायची, कुणावर रागवली तर काय म्हणायची, तिला कोणता मुलगा जास्त लाडका होता आणि ती ते कसं लपवायची, हे कोणी लिहित नाही.

मग आज काय

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं कारण आज उलटी वाहतूक जोरात आहे. आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात, तिकडेच वारतात, आणि मग अस्थी नाशिकला आणायच्या की तिकडेच काही करायचं यावर घरात रात्ररात्र व्हिडिओ कॉल चालतात. तिकडे सावडायला मिळत नाही, क्रिमेटोरियमवाले सगळं दळून बारीक भुकटी करून डब्यात देतात, दोन-अडीच किलोचा डबा, ज्यांनी इथे अस्थी वेचल्यात त्यांना तो हातात घेतल्यावर काही सुचत नाही. विमानानं आणायचं तर मृत्यू दाखला, दहनाचा दाखला, कॉन्सुलेटचं ना-हरकत पत्र लागतं, आणि डबा धातूचा नको कारण सिक्युरिटीच्या एक्स-रेत आतलं दिसलं नाही तर आत सोडत नाहीत, त्यामुळे लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, एअरलाइनला आधी फोन करा. हे सगळं दुःखाच्या पहिल्या आठवड्यात करावं लागतं, म्हणून घरातल्या एकानं, शक्यतो जावयानं किंवा भाच्यानं, म्हणजे ज्याचं डोकं त्यातल्या त्यात ठिकाणावर आहे त्यानं, कागदांचं काम अंगावर घ्यावं.

आणि अर्ध्या तिकडे अर्ध्या इकडे केलं तर चालतं का, असं विचारतात. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये देशभरच्या नद्यांत गेल्या, त्यांचं काही बिघडलं नाही. नातवंडं जिथे आहेत तिथे त्यांना जाऊन बसायला एक जागा हवी असते, एखादं झाड, एखादा दगड, आणि जन्मगावच्या नदीचाही हक्क असतो. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे ठेवा. फक्त तिकडे ठेवाल त्यावर नाव मराठीतही लिहा आणि आईचं असेल तर माहेरचं नावही.

पण ते होण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे आनंदीबाईंच्या मावशींनी जे केलं ते. पत्रं आता कोणी लिहित नाही, पण वडिलांच्या व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेल्या व्हॉइस नोट्स आहेत, 'जेवलास का' पासून सगळ्या, आणि माणूस गेल्यावर सहा महिन्यांत तो नंबर बंद होतो, फोन कोणीतरी फॉरमॅट करून मावसभावाला देतं, आणि आवाज जातो. म्हणून दहावा व्हायच्या आत, फोन चार्ज करून, त्या माणसाबरोबरचं प्रत्येकाचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून दोन वेगळ्या जागी ठेवा, एक कॉपी घरातल्या लहानात लहान मोठ्या माणसाकडे, म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या भाचीकडे पुतणीकडे, कारण ती पुढची पन्नास वर्षं असणार आहे. तिला सांगा यातलं काही गाळायचं नाही, भांडणंसुद्धा नाहीत.